अनोळखी जिवाणूचं नाव कोणाला विचारायचं: बायोकेमिकल पट्टी, माल्डी-टॉफ की १६एस?

ब्लड कल्चरची (रुग्णाच्या रक्तातले जिवाणू वाढवण्याची) बाटली तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह येते. ग्रॅम स्टेनमध्ये अगदी बारीक, फिकट गुलाबी, धड गोल ना धड लांबट असे जिवाणू दिसतात. चोवीस तासांनी ब्लड अगारवर कॉलन्या जेमतेम टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा जिवाणूसाठी प्रयोगशाळेत कोणतं साधन घ्यावं, हे ठरवताना मी वेग आणि खर्च नंतर बघते. आधी हे बघते की जिवाणू ओळखीचा नसेल तर ते साधन गप्प बसतं की चुकीचंच नाव सांगतं.

या कसोटीवर बायोकेमिकल पट्ट्या (जिवाणूच्या रासायनिक क्रिया रंगबदलातून दाखवणाऱ्या) आणि त्यांची स्वयंचलित यंत्रं सर्वांत कच्ची ठरतात. रोजच्या ई. कोलाय, क्लेब्सिएलासाठी त्या उत्तम आहेत. पण संथ वाढणाऱ्या जिवाणूच्या फार थोड्या चाचण्या पॉझिटिव्ह येतात आणि पट्टी आपल्या यादीतलं त्यातल्या त्यात जवळचं नाव देऊन मोकळी होते. एपीआय २०एनई या पट्टीने ब्रुसेलाला (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिसचा जिवाणू) मोराक्सेला म्हटल्याची आणि मेलिऑइडोसिस या माती-पाण्यातून होणाऱ्या गंभीर आजाराच्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलायला क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम म्हटल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. अशी चूक रिपोर्टपुरती राहत नाही. मोराक्सेला समजून उघड्या टेबलावर हाताळलेला ब्रुसेला तुषारांतून काम करणाऱ्याच्याच श्वासात जातो. तिकडे मेलिऑइडोसिसच्या रुग्णाला आधी शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आणि मग काही महिने गोळ्या लागतात. नाव चुकलं की हे सगळं लांबतं.

माल्डी-टॉफने, म्हणजे प्रथिनांच्या वजनांवरून जिवाणू ओळखणाऱ्या यंत्राने, चित्र बदललं, यात शंका नाही. कॉलनीचा कण प्लेटवर लावायचा, वर मॅट्रिक्सचा थेंब टाकायचा. लेझरने सुटलेल्या प्रथिनांचा (यातली बरीचशी रायबोसोमची) आलेख काही मिनिटांत तयार. यंत्र महाग, पण एकेका नमुन्याचा खर्च अगदी कमी. वृद्धांच्या लघवीत सापडणारा ॲक्टिनोटिग्नम शाली पूर्वी ‘डिफ्थेरॉइड’ (त्वचेवरचा सहसा निरुपद्रवी जिवाणू) म्हणून बाजूला टाकला जाई; त्याला आता नाव मिळतं. नोकार्डिया, अनेरोब (ऑक्सिजनशिवाय वाढणारे), हॅसेक गट (हृदयाच्या झडपांना संसर्ग करणारे, हळू वाढणारे जिवाणू) यांच्या बाबतीतही बराच फरक पडला आहे.

तरी हे यंत्रही आपल्या डेटाबेसपलीकडचं सांगू शकत नाही. एका प्रचलित प्रणालीत २.०च्या वर गुण आले तर प्रजाती मान्य, १.७च्या खाली काहीच नाही. म्हणजे निदान गप्प बसण्याची सोय आहे. मात्र बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलायची नोंद बऱ्याचदा मुख्य लायब्ररीत नसते, ती वेगळ्या सुरक्षा-लायब्ररीत असते. मग यंत्र निरुपद्रवी भावंडाचं, थायलंडेन्सिसचं, नाव पुढे करतं. तसंच ब्रुसेलाला त्याच्या नात्यातलं ओक्रोबॅक्ट्रम म्हटलं जातं. त्यात २०२०मध्ये ओक्रोबॅक्ट्रमलाच ब्रुसेला वंशात घालण्यात आलं. आता रिपोर्टवर नुसतं ‘ब्रुसेला’ लिहिलं तर डॉक्टरांना ब्रुसेलोसिस वाटेल की ब्रुसेला अँथ्रोपाय (पूर्वीचा ओक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपाय)? माझ्या मते हा घोळ रुग्णांच्या दृष्टीने घातक आहे. असं नाव पाठवताना सोबत खुलासा लिहावाच. यंत्र घेणार असाल तर विक्रेत्याला आधी लायब्ररीबद्दल विचारा, वेगाबद्दल मागाहून.

१६एसचा, म्हणजे जिवाणूच्या रायबोसोमच्या एका जनुकाच्या वाचनाचा, वापर वेगळ्या जागी आहे. साधारण १५०० अक्षरांचं हे जनुक वाचायला एक-दोन दिवस तरी लागतात, कुशल हात लागतात. पण त्याला जिवंत कॉलनीची गरज नाही. कल्चर निगेटिव्ह आलेल्या हृदयाच्या झडपेतून ते बार्टोनेला शोधून देतं. व्हिपल रोगाच्या जिवाणूची ओळख याच मार्गाने १९९२मध्ये पक्की झाली, आणि तो प्रयोगशाळेत वाढवता आला त्यानंतर काही वर्षांनी. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर ही नवी प्रजाती असावी, असंही ते सुचवतं. सख्ख्या भावंडांपुढे मात्र ते हतबल आहे: अँथ्रॅक्सचा बॅसिलस आणि बॅसिलस सेरियस त्याला वेगळे करता येत नाहीत. थुंकीसारख्या मिश्र नमुन्यावर साधं सँगर वाचन (एका वेळी एकच डीएनए वाचणारी पद्धत) करू नये. आलेख एकमेकांत मिसळतात.

संपूर्ण जीनोम वाचन या सगळ्यांपेक्षा खात्रीचं आहे, पण रोजच्या निर्णयासाठी अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

नमुने भरपूर असतील तर माल्डी-टॉफ घ्या आणि १६एससाठी संदर्भ प्रयोगशाळेशी पक्की व्यवस्था लावा. नमुने थोडे असतील तर पट्टी चालेल, पण तिने दिलेलं दुर्मिळ नाव कधीही तसंच रिपोर्टवर चढवू नका. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद न देणारा, पण को-ॲमोक्सिक्लॅव्हला संवेदनशील असा ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू दिसला की यंत्र काहीही म्हणो, मनात स्यूडोमॅलाय यायलाच हवा.

आणि सुरुवातीची ती बाटली? प्लेट लगेच सेफ्टी कॅबिनेटमध्ये. तिथेच कॅटलेज, ऑक्सिडेज, युरिएज. तिन्ही पॉझिटिव्ह आणि युरिएजचा रंग झटपट बदलला, तर ब्रुसेलाचा संशय धरायचा: पट्टी लावायची नाही, जिवंत कॉलनी माल्डीच्या प्लेटवर लावायची नाही. डॉक्टरांना फोन करून रुग्णाचा जनावरांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध आला का ते विचारायचं आणि कल्चर संदर्भ प्रयोगशाळेकडे रवाना करायचं.