बाबूनाच्या फुलांची १०० ग्रॅमची पुडी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातील काष्ठौषधींच्या एका दुकानातून मी १८० रुपयांना १०० ग्रॅम वाळलेले कॅमोमाइल (चहासाठी वापरतात ती बाबूनाची फुले) आणले. युनानी औषधे विकणाऱ्यांकडे हे फूल ‘गुले-बाबूना’ म्हणून मिळते, त्यामुळे इंग्रजी नाव सांगून काही उपयोग झाला नाही. वास ताजा, किंचित सफरचंदासारखा होता, आणि एक फूल नखाने उभे चिरून पाहिले तेव्हा पिवळा गोंडा आतून पोकळ निघाला, जी ‘जर्मन कॅमोमाइल’ ही जात ओळखण्याची खूण आहे. मात्र तळाशी काड्या आणि भुगाच फार होता. निवडून वाटीभर कचरा निघाला आणि माझी तक्रार दुकानदारांनी हसण्यावारी नेली.

कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर फुले टाकून भांडे सात-आठ मिनिटे झाकून ठेवावे, नाहीतर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. दूध अजिबात घालू नये. हा चहा प्यायल्याने लगेच झोप लागते असे मी म्हणणार नाही, पण जेवणानंतरचा पोटातील जडपणा कमी वाटतो. उरलेले पाणी गाळून केस धुताना शेवटी वापरतो.

हे फूल शेवंती आणि गाजरगवताच्या कुळातील आहे, म्हणून बांधावरच्या गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी, तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

पुढच्या वेळी पुडी बांधण्याआधी मी फुले परातीत ओतून दाखवायला सांगणार आहे.