समजावणारा गट की चौकशी समिती?

नागपुरात धरमपेठेतल्या भाचीचा प्रश्न: कॉलेजातली कॉपी थांबवायला पोरांनी प्रचारगट काढावा की चौकशी समिती?

खर्च दोन्हीला नगण्य. गटाचं काम मात्र प्रत्यक्ष हाताने करायचं: ज्युनिअरच्या शेजारी बसून, त्याच्याच असाइनमेंटमधला उचललेला परिच्छेद दाखवून संदर्भ कसा द्यायचा ते शिकवायचं. कितीतरी जण केवळ हे ठाऊक नसल्याने अडकतात. सिनिअर पास झाले की गट विरतो, ही त्याची उणीव.

समिती लेखी नियमांवर टिकते, पण वर्गमित्राचीच चौकशी करणं फार जड जातं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) उचलेगिरीविरुद्धच्या २०१८च्या नियमांतल्या चौकशी पॅनेलवरही विद्यार्थी नाहीत. तिथली शिक्षाही जड: प्रबंधात इतरांच्या लिखाणाशी ६० टक्क्यांवर साम्य निघालं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते.

जर्नल उतरवण्याची सवय मोडायची तर गट. परीक्षेतल्या संघटित कॉपीला समितीच हवी, शिक्षकांसह.