रविवारच्या रात्री चालणारा कॉम्प्रेसर: आमच्या ब्रुअरीचे एनर्जी ऑडिट

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या छोट्या ब्रुअरीचे एनर्जी ऑडिट आम्ही गेल्या उन्हाळ्यात बाहेरच्या एका संस्थेकडून करून घेतले. पुढे तक्रारही येणार असल्याने संस्थेचे नाव देत नाही.

त्यांचा लेखापरीक्षक पहिल्या भेटीसाठी मुद्दाम रविवारी रात्री आला, ही गोष्ट मला फार आवडली. भरणीची लाइन बंद होती, तरीही एअर कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी लोड घेत होता. साबणाचे पाणी लावत आम्ही पाइपलाइनभर फिरलो, तेव्हा बाटल्या भरणाऱ्या यंत्रामागच्या एका जोडावर फेसाचा टपोरा फुगा आला. त्या जोडाजवळून मी रोज जातो. दिवसा यंत्रांच्या आवाजात ती फुसफुस कधीच ऐकू आली नव्हती. गळत्या काढल्यावर हवेचा दाब 7.5 बारवरून 6.5 बारवर आणता आला, आणि एक बार दाब उतरला की कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी घटते.

शीतकरणाबाबतचा सल्ला त्याहून मोलाचा होता, कारण ब्रुअरीत विजेचा सर्वांत मोठा वाटा तेच खाते. लागर या बिअरचे किण्वन 10 ते 12 अंशांवर होते आणि शून्याजवळचे तापमान फक्त नंतरच्या साठवणीला लागते, तरी टाक्या गार ठेवणारे आमचे सगळे ग्लायकॉल (न गोठणारा द्रव) वर्षभर उणे 5 अंशांवर फिरत असे; का, तर पहिल्या ऑपरेटरने तसे लावून ठेवले होते. दोन्हींसाठी वेगळ्या लाइन करा, असे त्यांनी सुचवले. शीतयंत्रातील बाष्पीभवनाचे तापमान (ग्लायकॉल कमी गार चालत असेल तर ते वर नेता येते) एक अंशाने वर नेले तरी 2 ते 3 टक्के वीज वाचते. बोअरच्या जड पाण्याने कंडेन्सरवर (शीतयंत्राची उष्णता बाहेर टाकणारा भाग) चढलेली क्षारांची पुटेही त्यांनीच दाखवली.

अहवालात मात्र घाई दिसते. वेग 80 टक्क्यांवर आणला की पंपाची वीज निम्मी होते, हा हिशेब ग्लायकॉलच्या बंद फेऱ्यात बऱ्याच अंशी बरोबर ठरतो. त्यांनी तोच गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपालाही लावला; तिथे वेग कमी केला तरी पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावे लागते, म्हणून तो हिशेब बसत नाही. एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरणे योग्यच, पण कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारून कमी होणारे बिलही त्यांनी उत्सर्जनातील घट म्हणून मोजले. महावितरण केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणारा वाटाही धरून, आकारणी करते म्हणून बिल उतरते. यंत्रे खातात ती युनिटे जवळपास तेवढीच राहतात. दुरुस्त तक्ता मागितला, तो तीन आठवड्यांनी आला. पंपाचा आकडा सुधारला होता, कपॅसिटरची ओळ तशीच होती.