पार्किन्सनमधील भास: क्वेटियापिन की क्लोझापिन?
पार्किन्सन झालेल्या वडिलांना घरात नसलेली माणसे दिसू लागल्यावर डॉक्टरांनी सुचवलेल्या या दोन औषधांपैकी कोणते निवडावे, असा प्रश्न एका स्नेह्यांना पडला आहे. त्याआधी जंतुसंसर्ग आणि चालू गोळ्यांचे प्रमाण तपासून घ्यावेच. क्लोझापिनच्या परिणामाचा पुरावा अधिक भक्कम असून तो अल्प मात्रेत, बहुधा ५० मिलिग्रॅमच्या आत, हालचाली फारशा न बिघडवता दिसतो. मात्र पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकत असल्याने सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. क्वेटियापिनला ही तपासणी लागत नाही, पण चाचण्यांतील त्याचे निकाल डळमळीत आहेत. गुंगी, उभे राहताना रक्तदाब उतरणे आणि स्मृतिभ्रंश असल्यास वाढणारी जोखीम दोन्हींत आहे. त्रास सौम्य आणि प्रयोगशाळा दूर असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्वेटियापिनपासून सुरुवात करणे सोयीचे. भासांसोबत भीती किंवा संशय बळावला असेल आणि रक्ततपासणी नियमित जमणार असेल, तर मला क्लोझापिनच योग्य वाटते.