जुन्या युनिक्सचा सोर्स कोड: युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहाचे परीक्षण

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या) सहाव्या (१९७५) आणि सातव्या (१९७९) आवृत्तीत नेमके काय बदलले, हे फोंड्यातील पदव्युत्तर वर्गाला ओळीओळीने दाखवायचे मी ठरवले, तेव्हा सर्वांत जास्त वेळ गेला तो विश्वासार्ह प्रत मिळवण्यात. आधी एका संकेतस्थळावरून उतरवलेल्या संचात सर्व फायलींवर एकच अलीकडची तारीख होती आणि परवान्याचा मजकूर कुठेच नव्हता. असा संच शोधनिबंधात आधार म्हणून दाखवता येत नाही.

त्यानंतर वॉरन टूमी यांनी स्थापन केलेल्या युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहाकडे वळलो. येथे आवृत्तीनिहाय संच उतरवता येतात, शिवाय ‘युनिक्स ट्री’ या विभागात एकेक फाइल ब्राउझरमध्येच वाचता येते. सहाव्या आवृत्तीचे कर्नल (प्रणालीचा गाभा) दहा हजार ओळींच्या आतले असल्यामुळे आमच्याकडच्या पावसाळ्यात, दोन वेळा वीज जाण्याच्या मधल्या अवधीतही ते सहज उतरते.

मात्र दोन्ही संच शेजारी ठेवून ‘डिफ’ (दोन फायलींतील फरक दाखवणारी आज्ञा) चालवणाऱ्याची फसगत ठरलेली. सहाव्या आवृत्तीतील ‘केन’ आणि ‘डीएमआर’ या फोल्डरांच्या जागी (ही युनिक्सचे निर्माते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या नावांची खूण) सातव्या आवृत्तीत ‘सिस’ आणि ‘डेव्ह’ आले, त्यामुळे फायलींच्या जोड्या हाताने लावाव्या लागतात. त्याहून त्रासदायक म्हणजे जुन्या सी भाषेत बेरजेसह मूल्य देताना बरोबरचे चिन्ह अधिकच्या आधी लिहीत, पुढे हा क्रम उलटला. परिणामी तर्क तसाच असलेल्या कितीतरी ओळी बदललेल्या दिसतात. एका लहानशा स्क्रिप्टने ही चिन्हे आधी एकसारखी केल्यावरच खरा फरक वर येतो, उदाहरणार्थ फाइलमधील स्थान ठरवणाऱ्या ‘सीक’ची जागा मोठ्या पूर्णांकावर चालणाऱ्या ‘एल-सीक’ने घेतली, तो.

डायोमिडिस स्पिनेलिस यांनी युनिक्सचा इतिहास एकाच गिट भांडारात (कोडमधील बदलांची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) गुंफला आहे. एखादी ओळ पुढे कुठवर टिकली हे पाहायला ते अधिक सोयीचे. पण सुरुवातीच्या काळातील नोंदी मागाहून रचलेल्या आहेत, हे लक्षात घेऊनच त्यातल्या तारखा वापराव्यात. मूळ पाठासाठी मी संग्रहच उघडतो.

परवान्याच्या बाबतीत सावध असावे. जुन्या युनिक्सचे हक्क तेव्हा ज्या कंपनीकडे होते त्या कॅल्डेराने जानेवारी २००२ मध्ये दिलेली मोकळीक पहिल्या सात आवृत्त्या आणि ‘३२ व्ही’ (३२-बिट यंत्रांसाठीची युनिक्स) यांना लागू आहे. ‘सिस्टीम थ्री’ आणि ‘सिस्टीम फाइव्ह’ या नंतरच्या व्यावसायिक आवृत्त्या तिच्याबाहेर आहेत. आठवी ते दहावी या आवृत्त्या २०१७ पासून केवळ अव्यावसायिक वापरासाठी खुल्या आहेत. म्हणून वर्गात त्या वाचायला देतो, पण त्यांतला कोड महाविद्यालयाच्या विक्रीच्या प्रयोगपुस्तिकेत घेत नाही.