सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर गुंठ्यांत मांडायचे, तर ऑनलाइन मदत कोणती घ्यावी?

वाटणीच्या वेळी मामांनी चिठ्ठीवर नुसतं ‘२.२०’ लिहून दिलं होतं. मामेभावाने पुण्यात बसून ते गुगलच्या चौकटीत ‘२.२० एकर’ म्हणून टाकलं. उत्तर आलं ०.८९ हेक्टर. सातबाऱ्यावर मात्र १.०१ हेक्टर होतं. बाराएक गुंठ्यांचा फरक. दोन दिवस घरात धुसफुस चालली आणि जुन्या मोजणीवरही शंका घेऊन झाली. शेवटी मामांनीच सांगितलं की २.२० म्हणजे २ एकर २० गुंठे, सरळ अडीच एकर. गुगलने ते दोन पूर्णांक दोन दशांश असं वाचलं होतं. गुणाकार बरोबर होता, टिंबाचा अर्थ वेगळा होता.

तेव्हापासून नातेवाईक ‘कोणतं अ‍ॅप चांगलं?’ असं विचारतात, तेव्हा मी आधी हे टिंब समजावते. हेक्टरला १०० आर असतात, म्हणून सातबाऱ्यावरचं १.०५ तसंच्या तसं दशांशात टाकलं तरी चालतं. फक्त ५ आरच्या आधीचं शून्य गाळू नका, नाहीतर १.५ होईल आणि ४५ आर उगाच वाढतील. एकराला मात्र ४० गुंठे असतात. त्यामुळे बोलण्यातलं आणि चिठ्ठीवरचं ‘२.२०’ कोणत्याही यंत्राला तसंच देता येत नाही.

दुसरी गल्लत ‘आर म्हणजेच गुंठा’ ही. गावोगाव हे इतकं रुळलंय की ते खोडून काढायला वेळ लागतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. एका गुंठ्यात फरक किरकोळ वाटतो, पण एक हेक्टर म्हणजे ९८.८४ गुंठे होतात, १०० नव्हे. ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ धरलं की सुमारे १,२६१ चौरस फूट जागा फक्त कागदावर तयार होते. एवढ्यात एक टुमदार घर बसतं.

आता पर्यायांकडे येऊ. गुगलची चौकट सगळ्यात झटपट. हेक्टर, एकर, चौरस मीटर, चौरस फूट एवढंच पाहिजे असेल तर दुसरीकडे जाऊ नका. तिच्या यादीत गुंठा नाही, आणि एकराचं उत्तर दशांशात येतं. १ हेक्टर २० आर टाकलं की २.९६५ एकर दिसतं. ते ‘२ एकर ९६ गुंठे’ असं वाचणारी शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत. ४० गुंठ्यांना एकर भरतो, तर ९६ येतीलच कुठून? दशांशाचा भाग ४० ने गुणायचा. ०.९६५ चे ३८.६ गुंठे, म्हणजे जमीन २ एकर ३८.६ गुंठे.

फोनमधल्या कॅल्क्युलेटरचंही तेच. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एकक बदलण्याची सोय आधीपासून असते, आयफोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये ती २०२४ मध्ये आली. शिवारात रेंज नसताना नुसता गुणाकार-भागाकार तरी हाताशी असतो, हा त्याचा खरा फायदा.

गुंठा, बिघा, आणा असं सगळं देणारी जमीनमापाची संकेतस्थळं पुष्कळ आहेत. सोय खरी, पण माझा भरवसा इथे सगळ्यात कमी. कारण गुंठा सगळीकडे सारखा नाही. ओडिशात एकराचे २५ गुंठे होतात, आपल्याकडे ४०. बिघा तर राज्याराज्यात बदलतो. संकेतस्थळाने कोणता गुंठा धरलाय हे पानावर लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून आधी १ हेक्टर टाकून बघा. ९८.८४ आलं तर पुढे जा. १०० आलं तर त्यांनी आर आणि गुंठा एकच धरलाय. ६१.७८ च्या आसपास आलं तर तो ओडिशाचा गुंठा. पहिलं उत्तर आलं नाही तर ते पान बंद करा.

चॅटबॉटकडे एक गोष्ट आहे जी बाकी कोणाकडे नाही. त्याला आपल्या भाषेत विचारता येतं. जुन्या फेरफारात, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीत, एकर-गुंठे-आणे असा आकडा असतो, आणि १६ आण्यांचा एक गुंठा हे घरातल्या तरुणांना माहीत नसतं. ‘२ एकर २० गुंठे ८ आणे, महाराष्ट्रातला गुंठा, हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये सांग आणि पायऱ्या दाखव’ असं विचारा. उत्तर १ हेक्टर १ आर ६८ चौरस मीटरच्या आसपास यायला हवं. पायऱ्या मागायलाच हव्यात, कारण चुकीचं उत्तरही तो तितक्याच ठामपणे देतो. पायऱ्यांत १,०८९ किंवा १०१.१७ दिसला नाही तर त्या उत्तरावर सही करू नका.

सोन्याचंही थोडं असंच आहे. ऑनलाइन तोळा ११.६६ ग्रॅमचा दिसेल, सराफाकडे आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या दागिन्यांची जुनी यादी असेल तर आधी तोळा कोणता ते विचारून घ्या.

एखादाच आकडा पाहायचा असेल तर माझं मत गुगलला. जुनी कागदपत्रं उलगडायची असतील तर चॅटबॉट, आणि वर कॅल्क्युलेटरवर पडताळणी. वाटणी किंवा खरेदीचा प्रश्न असेल तर मात्र एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये स्वतःची शीटच करा, अर्ध्या तासाचं काम आहे. गट नंबर, हेक्टर, आर, चौरस मीटर असे रकाने सातबाऱ्यावरून जसेच्या तसे उतरवा. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगवेगळे लिहा, कारण अनेकदा एकच आकडा घेतला जातो आणि दुसरा राहून जातो. मग हेक्टर गुणिले १०,०००, आर गुणिले १००, त्यात चौरस मीटर मिळवा आणि बेरजेला १०१.१७१४ ने भागा. आले गुंठे. ही शीट घरच्या ग्रुपवर टाकली की भाऊ-बहिणी सगळ्यांना एकच हिशेब दिसतो, आणि चूक असेल तर कुणीही बोट ठेवू शकतं. बाकी कुठल्याच पर्यायात ही सोय नाही. प्रत्यक्ष हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागेल, तिथे शीटचा उपयोग नाही.

शीटमध्ये हिस्से पाडताना आधी चौरस मीटरमध्ये वाटा आणि गुंठे अगदी शेवटी काढा. १ हेक्टर २० आरचे तीन हिस्से प्रत्येकी ४,००० चौरस मीटरचे, म्हणजे ३९.५४ गुंठ्यांचे. तेच सोयीसाठी साडेएकोणचाळीस धरले तर तिघांची बेरीज ११८.५ येते, मूळ जमीन ११८.६१ गुंठे. सुमारे १२० चौरस फुटांची पट्टी कुणाच्याच नावावर राहत नाही.