सॅन अँटोनियोतील एज्युकॉज परिषद : काही महिन्यांच्या कामानंतरचा अनुभव

अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मी माहिती-सुरक्षेचे काम पाहतो. उच्च शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानासाठी काम करणाऱ्या एज्युकॉज या अमेरिकी संस्थेची २०२४ची वार्षिक परिषद २१ ते २४ ऑक्टोबर या काळात टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे भरली, तेव्हा विभागाने मला तेथे पाठवले. परिषदेहून परतताच लिहिलेला अभिप्राय उत्साहाच्या भरात लिहिला जातो, म्हणून तेथे शिकलेले रोजच्या कामात किती टिकते हे पाहूनच लिहायचे मी ठरवले होते.

सर्वांत जास्त टिकली ती हेकव्हॅट ही प्रश्नावली. बाहेरच्या कंपनीची क्लाउड सेवा घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांची माहिती तिच्या हाती किती सुरक्षित राहील हे तपासण्यासाठी, २०१६ पासून विद्यापीठांच्याच सुरक्षा-कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन ती घडवली आहे. कंपनीने ती एकदा भरली की तीच उत्तरे अनेक विद्यापीठांना वापरता येतात. मला तिचे नाव ठाऊक होते. पण एका सत्रात वक्त्यांनी कंपनीचे नाव झाकून एक भरलेली प्रत पडद्यावर उघडली आणि कोणत्या उत्तरावर थांबायचे, पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे ओळीओळीने दाखवले, तेव्हा ती वाचायची कशी हे मला खऱ्या अर्थाने कळले.

जानेवारीत आमच्या एका विभागाला समुपदेशनाच्या भेटी ठरवण्यासाठी नवी सेवा घ्यायची होती. कंपनीने ‘बॅकअप रोज घेतला जातो’ असे लिहिले होते आणि पूर्वी आम्ही तेवढ्यावर समाधान मानले असते. या वेळी आम्ही त्या बॅकअपमधून माहिती परत मिळवून शेवटची चाचणी केव्हा घेतली, अशी विचारणा केली. उत्तर बऱ्याच दिवसांनी आले आणि अशी चाचणी कधी झालीच नव्हती असे निघाले. सेवा आम्ही घेतली, परंतु ठरावीक काळाने चाचणी घेऊन तिचा अहवाल देण्याची अट करारात घातल्यावरच. पुढे २०२५ मध्ये प्रश्नावलीची चौथी आवृत्ती आली. तिच्यात आधीचे वेगवेगळे नमुने एकत्र करून खासगीपणाचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रश्न जोडले आहेत, त्यामुळे कोणता नमुना पाठवावा हा नेहमीचा घोळ मिटला.

परिषदेत जाहीर होणारी, उच्च शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानाच्या दहा प्रमुख मुद्द्यांची यादी वरिष्ठांपुढे अंदाजपत्रक मांडताना कामी येते. माझ्या दैनंदिन कामात तिचा फारसा उपयोग झाला नाही. विक्रेत्यांच्या दालनात आधी प्रश्न लिहून नेल्याखेरीज जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट जेवणाच्या टेबलावरच्या ओळखी मोलाच्या ठरल्या. एका छोट्या महाविद्यालयाचे सगळे नेटवर्क एकहाती सांभाळणारे एक गृहस्थ तेथे भेटले होते, आणि आजही फसव्या ईमेलची नवी लाट आली की आम्ही एकमेकांना नमुने पाठवतो. प्रवास, निवास आणि प्रवेशशुल्काचा खर्च मोठा असल्याने बहुतेक ठिकाणांहून संचालकच जातात. माझ्या मते खरेदीचे कागद प्रत्यक्ष तपासणाऱ्या माणसाला पाठवणे अधिक फायद्याचे आहे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत हेच काम करणाऱ्यांनी या प्रश्नावलीसाठी इतक्या दूर येण्याची गरज नाही, कारण ती विनामूल्य उतरवून घेता येते. तिच्यातील काही प्रश्न फर्पासारख्या (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींची गोपनीयता जपणारा कायदा) अमेरिकी कायद्यांना धरून आहेत. त्यांच्या जागी भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील तरतुदींना धरून प्रश्न घालावे लागतील. बॅकअप, एन्क्रिप्शन, लॉगिन आणि करार संपल्यावर माहिती पुसून टाकणे यांविषयीचे प्रश्न मात्र जवळजवळ जसेच्या तसे वापरता येतील.